सरळ वायरींची शिट्टी

वाल्मिकने पुन्हा एकदा बटण दाबलं आणि शेजारच्या रुक्मिणीवहिनींनी पुन्हा एकदा गॅस बंद केला.

"सरला, तुन्हा घरवालाले सांग," त्या भिंतीपलीकडून म्हणाल्या. "मन्ही डाळ आजून कच्ची शे. मी कुकरन्या शिट्ट्या मोजस, नि त्या निंघतस तुमन्या."

"आयकं का?" सरलाबाई पुरण घोटता घोटता नवऱ्याला म्हणाल्या.

न ऐकायला काय झालं? सुरतेतल्या लिंबायतच्या अख्ख्या गल्लीने ऐकलं होतं. वाल्मिकने भंगार बाजारातून जुन्या रेडिओंचे काचेचे व्हॉल्व्ह आणून, फोनवर व्हिडिओ बघून बघून, पोरीच्या गिटारसाठी अ‍ॅम्प्लिफायर बनवला होता. व्हॉल्व्ह पेटायचे झकास. पण आवाजाचं बटण जरा वर नेलं की गिटारला कोणी हात लावो न लावो, डबा आपणहून शिट्टी मारायचा.

संध्याकाळी घरात श्रावणातली कानबाई देवी बसणार होती. देवीच्या रोटाच्या प्रसादाला सगळे भाऊबंद जमणार आणि धनश्री कानबाईची गाणी गिटारवर वाजवणार. पुढच्या आठवड्यात ती नोकरीसाठी पुण्याला निघणार होती. जायच्या आधी एकदा तरी पोरीने आपल्या हातच्या डब्यावर वाजवावं, एवढीच वाल्मिकची इच्छा, आणि नेमकी तीच अडून बसली होती.

"पप्पा, टेन्शन नका घेऊ," धनश्री म्हणाली. "योगराजदादाला फोन करते, तो डीजेचा बॉक्स आणेल. चालसे."

योगराज म्हणजे वाल्मिकचा पुतण्या. तो कपाटाएवढा बॉक्स आणणार आणि रात्रभर प्रत्येकाला सांगणार की बॉक्स कोणाचा आहे.

"काय चालसे?" वाल्मिक म्हणाला. "काय बी चालाव नही."

सगळं करून झालं होतं. व्हॉल्व्ह बदलले, स्पीकरच्या तारा उलट्या लावल्या, ट्रान्सफॉर्मर हलवला. फक्त वायरींना त्याने हात लावला नव्हता. का लावावा? कडोदऱ्याच्या लूमवर तो तीस वर्षं फिटर. ताण्याचा एक उभा धागा दुसऱ्यावर चढला की कापड गेलं, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं. डब्यातल्या वायरीही त्याने तशाच विंचरल्यासारख्या सरळ, एकीला एक लावून, दोऱ्याने बोटाबोटावर बांधल्या होत्या. फोनवरच्या माणसाच्या वायरी वाट्टेल तशा गेलेल्या बघून त्याला त्या बिचाऱ्याची कीवच आली होती.

"पप्पा, वायरी हलवून बघू?"

"बाकी काय बी कर. वायरले हात नको लावू."

"हात कोण लावतंय? करंट आहे त्यात." तिने फळीवरचं कोरडं लाटणं उचललं.

"धनू, त्यानावर माले पोळ्या लाटन्या शेत," सरलाबाई म्हणाल्या. पण तोवर लाटण्याचं टोक डब्यात गेलं होतं. धनश्रीने एक वायर जुडीतून जरा बाहेर रेटली. शिट्टी घसरत घसरत खाली आली आणि थांबली. लाटणं काढलं, तर परत सुरू.

"ही गिटारकडून येणारी," ती म्हणाली, "आणि ही स्पीकरकडे जाणारी. तुम्ही दोघींना शेजारी निजवलंय. मोठा आवाज बारीक आवाजाच्या कानात शिरतो, आणखी मोठा होऊन येतो, परत शिरतो."

"म्हणजे सरळ शेत म्हणीसन बोंबलतस?"

"हो. म्हणूनच."

वाल्मिकने लाटणं हातात घेतलं आणि ती वायर स्वतः एकदा रेटून बघितली. मग त्याने प्लग काढला, आतला करंट पुरता उतरू दिला आणि कात्री घेतली.

"मी कापू का, पप्पा?"

"नको. गाठी मन्या शेत."

एकेक गाठ कापताना त्याचा जीव तुटत होता. वायरी एकमेकींपासून लांब, आडव्यातिडव्या, जवळच्या वाटेने गेल्या. डब्यात उंदीर नांदून गेल्यासारखं दिसायला लागलं. पण बटण पूर्ण वर नेलं तरी डबा गप्प, आणि धनश्रीने तार छेडली तर असा गोल, गोड सूर निघाला की वाल्मिकने खुशीत लाटणं स्वतः धुऊन बायकोला दिलं.

मग मागचं झाकण लावलं. वायरी दबल्या आणि शिट्टी हजर. झाकण काढलं, की गप्प. तेवढ्यात पाहुणे जिना चढायला लागले.

कानबाई बसली. डबा उघडाच राहिला आणि पोरंसोरं आत हात घालतील म्हणून वाल्मिक त्याच्या मागे राखण बसला. वाल्मिकला लूमचं काम शिकवणारे उखा मास्तर आले, ते नेमके वाकून डब्यात बघायला लागले. ताण्यात एक धागा तिरका दिसला तर टपली मारणारा माणूस तो.

"हाई कोनं काम शे रे?"

वाल्मिकचे कान तापले. फोनवरच्या माणसाचं नाव सांगता आलं असतं. योगराजवर ढकलता आलं असतं, तो तर समोरच उभा होता.

"मन्हं, मास्तर," तो म्हणाला.

मास्तरांनी चष्मा सारखा केला, पुन्हा एकदा वाकून बघितलं आणि टपली न मारताच पुढे जाऊन बसले. धनश्रीने वाजवायला सुरुवात केली. बायांनी गाणं उचललं. वाल्मिकला लाज वाटत होती आणि आनंदही पोटात मावत नव्हता. त्याने झाकण मांडीवर घेतलं आणि पोरीचं वाजवून होईपर्यंत तो तिथून उठला नाही.