मोकळ्या जागेतून आलेला विद्यार्थी

जळगावच्या हसीबने धुळ्याच्या एका कॉलेजात संगणकांची देखभाल करायची नोकरी धरली, त्याला सहा वर्षं झाली. शेल स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला ओळीओळीने हुकूम सोडायची जुनी भाषा, याखेरीज त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि लागतही नव्हतं. यादी द्या, सात ओळींत काम फत्ते. शेलला खोड एकच. मधे मोकळी जागा दिसली की ते तिथेच तुकडा पाडतं. म्हणून नावाभोवती अवतरणचिन्हं घालायची असतात. जूनमध्ये प्रवेशाची यादी चढवताना हसीब ती घालायला विसरला.

नाव, बापाचं नाव, आडनाव. एकेका मुलाचे तीन-तीन विद्यार्थी झाले. चारशेचे बाराशे. प्रवेश वाढले म्हणून प्राचार्यांनी पेढे वाटले.

महिनाभराने गैरहजर आठशे बापांना आणि आडनावांना नोटिसा गेल्या. बहुतेकांनी फाडल्या. बादल गेंदा पावरा या मुलाचा बाप, गेंदा, मात्र सातपुड्याच्या पायथ्याहून दुसऱ्याच दिवशी एसटीने हजर झाला.

"नोटीस मन्हा नावनी शे," तो म्हणाला, "आणि मी येत नही, हाई बात खरी शे."

तो पहिल्या बाकावर बसला, तो रोजच. 'पावरा'च्या हजेरीला गावातली पावरा मंडळी पाळीपाळीने येऊ लागली. बाजाराच्या दिवशी कुणी येत नसे, त्यामुळे पावराची हजेरी ब्याऐंशी टक्के. गेंदाची शंभर. बादलची एकतीस.

ऑक्टोबरात हसीबच्या जोडीला मिसबाह आली. ती पायथॉनवाली, म्हणजे संगणकाच्या नव्या भाषेतली.

"हसीबभाई, आठशे माणसं मोकळ्या जागेतून आत आलीत."

"दोन अवतरणचिन्हं घातली की जातील."

"आज मोकळी जागा, उद्या स्वल्पविराम. पायथॉन शिका ना. सहा वर्षं कसली, एकच वर्ष सहा वेळा केलंत तुम्ही."

"नाव वाचायला चाळीस ओळी? तेवढ्यात माणूस नाव बदलून येईल."

प्राचार्य दोघांना म्हणाले, "भाषा कुठलीही असो. पाचपर्यंत खऱ्या विद्यार्थ्यांची हॉल तिकिटं छापा. सोमवारी परीक्षा आहे."

हसीबने अवतरणचिन्हासाठी बोट उचललं आणि ते तसंच राहिलं. त्याच्या भाषेत लिहा की तिच्या, गेंदा जाणार होता. कॉलेजात गृहपाठ करणारा तो एकटाच.

गेंदा वही घेऊन दारातच उभा होता. "सर, मी जासू का?"

"जाल, आबा. नाव एकत्र वाचलं की तुम्ही बादलचे बाप. विद्यार्थी नाही."

गेंदाने वहीची दोन पानं उलटली. "मंग यादीना खाले नुसतं 'गेंदा' लिखा. एकच शब्द शे. तोडाले जागाच नही."

हसीबने लिहिलं. मिसबाहच्या प्रोग्राममधून तीनशे नव्याण्णव नावं गेली, चारशेवं, बादलचं, गेलं आणि गेंदापाशी तो थबकला.

"वडिलांचं नाव मागतोय," ती म्हणाली. "सांगा, आबा."

"नको, बेन. त्याले बी नोटीस जाई. पंच्याऐंशीना शे, एसटीमा चढता येस नही त्याले."

हसीबने अवतरणचिन्हं घालून शेल चालवलं. शेलने कुणाच्या बापाची चौकशी केली नाही. चारशे एक तिकिटं निघाली.

"ही पळवाट आहे," मिसबाह म्हणाली.

"सात ओळींची."

पाचला दहा मिनिटं कमी असताना प्राचार्यांनी गठ्ठ्यावर सह्या केल्या. गेंदाच्या तिकिटावर त्यांचं पेन क्षणभर अडलं. "हा पहिल्या बाकावरचा ना? खरा विद्यार्थी एवढाच दिसतो," म्हणाले आणि सही ठोकली.

गेंदाने तिकीट दोन्ही हातांनी धरलं, बैठक क्रमांक वाचला आणि त्याचं तोंड उतरलं.

"सर, बादल चारशे, मी चारशे एक. तो मन्हा बाजूलेच शे. त्याले दुसरा वर्गमा बसाडा. मन्हं दखी-दखी लिखी तो."