मावशींच्या ओट्याखालचं तळं

मावशींच्या स्वयंपाकघरात इतकी माणसं कोंबली होती की दूध उतू गेलं, तरी गॅसपर्यंत हात पोचेना. सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या नकाशावर. आकाशातून काढलेला गावाचा फोटो मशीनने रंगवलेला: राखाडी म्हणजे घरं, पिवळं म्हणजे माळ, निळं म्हणजे पाणी. आणि घरांच्या दाटीत, बरोब्बर मावशींच्या घरावर, एक निळा चौकोन!

"पाताळातलं तळं!" नकाशे बघून पाण्याची जागा सांगणाऱ्या नकाशाबाबांनी डोळे मिटले. "आत शिरताच माझे तळपाय भिजले."

"मी फरशी पुसली होती," मावशी म्हणाल्या.

पण गाव तहानलेलं. कुदळी आल्या.

"मावशी, गावासाठी एक ओटा द्या की," न्हावी म्हणाला.

मावशी ओट्यावर चढून बसल्या. "आधी मला फोडा, मग ओटा."

तेवढ्यात मावशींची भाची लॅपटॉप घेऊन धापा टाकत आली. ती नकाशाच्या कार्यालयातच कामाला होती.

"अहो, हा कच्चा नकाशा आहे! मशीन एकेका चौकोनाला एकटं गाठून रंग विचारतं. गडद दिसला की म्हणतं, पाणी. मावशी, छताला काय फासलंयस?"

"डांबर. गळत होतं ना गं."

"वरून डांबरही काळं, पाणीही काळं. आणि फोटो छताचा आहे. त्यात ओटासुद्धा दिसत नाही, ओट्याखालचं तळं कुठून दिसणार?"

"मशीन खोटं बोलत नाही!" बाबा गरजले.

"खोटं नाही बोलत. फक्त शेजाऱ्यांना विचारत नाही."

"आमच्या गल्लीत एक दिवस टिकायचं नाही मग," न्हावी पुटपुटला.

भाचीने मशीनला शेजारचे चौकोनही विचारात घ्यायला लावले. चहूबाजूंनी घरं, म्हणजे मधलंही बहुधा घरच. निळा चौकोन राखाडी झाला. वेशीबाहेरचं डबकं मात्र निळंच राहिलं. त्याच्या चौकोनांना शेजारी पाण्याचेच होते.

"पाहिलंत? अश्रद्धेनं तळं आटलं!" बाबा ओरडले.

"परत भरते." भाचीने जुनी पद्धत लावली. निळा चौकोन हजर. "आणि हा दुसरा बघा. बाबांच्या बैठकीवर."

गर्दीने कुदळी उचलल्या आणि ती दाराकडे वळली. बाबा दारात आडवे आले.

"अरे थांबा! तिथं कसलं पाणी? परवाच डांबर मारलंय छताला!"

न्हाव्याने कुदळ खाली ठेवली. मग मावशी इतक्या हसल्या की ओट्यावरून घसरल्या.

मंडळी, तहान खरी असते, म्हणून पुरावाही खराच मागावा. एकुलता एक ठिपका काही अचाट सांगू लागला, तर कुदळ उचलण्याआधी त्याच्या आजूबाजूला बघा.