कोरडी मांडणी

माझे भाऊजी फरशी बसवतात. इतका संथ माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि हे मी कौतुकाने सांगेन असं कोणी गेल्या वर्षी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

माझं कुरिअरचं ऑफिस. पार्सल आलं की ते निघालं पाहिजे, हा माझा खाक्या. आयकराचं रिटर्नही मी पहिल्याच दिवशी भरून मोकळा होतो आणि मग आठवडाभर "तुमचं झालं का?" असं सगळ्यांना विचारत हिंडतो.

यंदा ताई-भाऊजींना घर घ्यायचं होतं. पंधरा वर्षं लोकांच्या घरात फरशा बसवल्यावर आता कुठे स्वतःच्या दोन खोल्या जमत होत्या. विकणारा महिनाअखेरपर्यंतच थांबणार होता. कर्जासाठी बँकेला भाऊजींचं यंदाचं रिटर्न हवं होतं, आणि जामीनदार म्हणून माझंही.

"माझं कधीच झालंय," मी म्हटलं. "तुम्ही कशाची वाट बघताय?"

"कागद यायचेत अजून," भाऊजी म्हणाले.

भाऊजी फरशी आधी कोरडी मांडतात. सिमेंट न लावता खोलीभर फरशा ठेवायच्या, वरून चालायचं, दारापाशी केवढा तुकडा उरतो ते बघायचं. माल कालवायचा तो त्यानंतर. रिटर्नचंही तेच. पेन्सिलने भरलेला फॉर्म जेवणाच्या टेबलावर पसरलेला, आणि एकेक कागद येईल तसा आकडा ताडून बघणं चाललेलं. माझं डोकं फिरायची वेळ आली.

"ताई, अशाने घर हातचं जाईल!"

"धाकधूक मलाही आहे रे," ताई म्हणाली. "पण पंधरा वर्षांत यांची एक फरशी हललेली नाही."

आणि कोरड्या मांडणीत फट दिसलीच. एका ठेकेदाराने भाऊजींचा कर कापला होता, पण भरला होता भलत्याच माणसाच्या पॅन नंबरावर. भाऊजी रोज कामाआधी त्याच्या ऑफिसात जाऊन बाकावर बसले. भांडले नाहीत, नुसते बसले. पाचव्या दिवशी त्याने वैतागून दुरुस्ती केली. ती आयकराच्या खात्यात दिसली तशी भाऊजींनी दहा मिनिटांत रिटर्न भरलं. महिना संपायला अजून सहा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी बँकेतून मला फोन आला. भाऊजींचं सगळं चोख होतं. अडलं होतं माझं.

"तुमची ठेव आमच्याच बँकेत आहे आणि तिचं व्याज तुमच्या रिटर्नमध्ये नाही," साहेब म्हणाले. "दुरुस्त करून आणा, नाहीतर जामीन चालणार नाही."

व्याजाचा दाखला यायच्या आधीच मी मोकळा झालो होतो ना! मला तोंड दाखवायला जागा उरली नाही. ताईचं घर मीच घालवायला निघालो होतो.

संध्याकाळी ताईकडे गेलो. भाऊजींनी एखादा टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. त्यांनी टेबल पुसलं, कोरा फॉर्म ठेवला, पेन्सिलला टोक काढलं.

"सगळे कागद आण," ते म्हणाले. "कोरडं मांडू."

तीन दिवस मांडलं. चौथ्या दिवशी सगळं कॉम्प्युटरवर भरलं आणि माझा हात सवयीने बटणावर गेला.

"थांब. एकदा चालून बघ."

मी पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं. खाते क्रमांकात एक आकडा चुकला होता. तो सुधारला, मग बटण दाबलं. त्या क्षणी भाऊजींच्या पाया पडावंसं वाटलं, पण मी नुसताच चहा मागितला.

घर मिळालं. परवा भाऊजींनी तिथे आपली स्वतःची फरशी कोरडी मांडली आणि मला म्हणाले, "चालून बघ." मी चपला काढल्या आणि दारापासून ओट्यापर्यंत एकेक पाऊल टाकत निघालो.

"अरे, उरक ना लवकर!" ताई दारातून ओरडली.

"थांब गं," मी म्हटलं. "अजून एक कोपरा राहिलाय."