लाल दिवा असेपर्यंत

आम्हा अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या वाजवणाऱ्यांचा धर्म एकच: स्टुडिओच्या दारावर लाल दिवा पेटला की आत पाऊल टाकायचं नाही. घराला आग लागली तरी बाहेर उभं राहायचं. चौपन्न साली आम्ही सगळे एकाच खोलीत, एकदमच वाजवायचो. दार नुसतं करकरलं तरी सगळ्यांची मेहनत पाण्यात.

त्या दुपारी लोरीना टॅकेट गात होती, मी मागे माणसाएवढा उभा बास वाजवत होतो. डूईने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, तिचा हात मोडला तेव्हा पोरगी घर सोडून बहिणीकडे आली होती. जिथे गाशील तिथे येऊन गोळी घालीन, असं तो चारचौघांत बोलला होता. माणूस एक नंबरचा हलकट, पण फिडल, म्हणजे व्हायोलिनच, असं वाजवायचा की शिव्या देणारेही गप्प बसायचे.

दुसऱ्या कडव्याला तो मला दाराच्या काचेत दिसला. उजवा हात कोटाच्या खिशात, आणि खिसा जड होऊन लोंबलेला. पण तो थांबला होता. बायकोला मारायला आलेला माणूस, आणि रेकॉर्डिंग मोडत नव्हता.

गाणं संपत आलं; ते संपलं की दिवाही जाणार. मी स्टील गिटारवाल्या क्लेलला बोट गोल फिरवून खुणावलं: शेवटचं कडवं परत. म्हाताऱ्याला वेड लागलं, असं त्याला वाटलं असणार. मग त्यानेही दाराकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला, पण हात थांबले नाहीत, शाबास त्याची. लोरीनाची दाराकडे पाठ होती. तिने माझं तोंड पाहिलं, काय ते समजली, आणि मागे न वळता तेच कडवं पुन्हा धरलं.

टेलिफोन होता समोरच्या काचेपलीकडे, प्रूइटच्या खोलीत. प्रूइट हा कंपनीचा रेकॉर्डिंगवाला; तिथून त्याला दार दिसत नाही. मी भुवया उडवल्या, ओठांनी 'पोलीस' म्हटलं. तो आपला घड्याळ दाखवतोय. तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटं मावतात, त्यापुढचं जग त्या ठोंब्याला ठाऊकच नाही.

आम्ही कडवं पुन्हा घेतलं, परत घेतलं. लोरीना जन्मात तशी गायली नव्हती. मला रडू येत होतं, आणि हात थांबवायची सोय नव्हती. दाराच्या काचेपलीकडे डूई डोळे मिटून मान डोलवत होता.

मग भोंग्यातून प्रूइट ओरडला, "अरे, गाणं आहे की शेपूट? संपतच नाही. टेप संपली, पुरे आता."

त्याने बटण दाबलं. दाराच्या काचेवरचा लाल उजेड गेला.

दार हळूच उघडलं. डूईने डाव्या हाताने हॅट काढून आम्हा सगळ्यांना मान दिला.

"छान गायलीस गं," तो म्हणाला. "आजवरचं सगळ्यात छान."

मी बास घेऊन तिच्या आणि त्याच्या मध्ये सरकलो. पोकळ लाकूड ते, त्याने काय अडणार! डूईचा उजवा हात खिशातून बाहेर आला.

लोरीना वळली नाही. माईकमध्येच, अगदी हळू म्हणाली, "प्रूइटसाहेब, दिवा लावा ना परत."

प्रूइट खाली वाकून रीळ बदलत होता.

"जरा दम धर," तो म्हणाला.