दोन जावांचं उखळ

मी बोलतेय ती वातुलुमुत गावच्या पाहुण्यांसाठी घातलेल्या मांडवातून. माझ्यापुढे एक पाटी ठोकली आहे. तिच्यावर माझं नाव आहे, वाढवून सांगितलेलं वय आहे, आणि खाली 'कृपया वर बसू नये' असं लिहिलंय. तरी लोक बसतातच.

जातीनं मी उखळ. पण माजघरात जमिनीत पुरतात तसलं नव्हे. होडीसारखं लांब, अख्खं खोड कोरून केलेलं, दोन्ही बाजूंनी बायका उभ्या राहून भात कांडतील एवढं. सगळा जन्म बायकांच्या हातात गेला, म्हणून बोलते तीही बाईसारखीच. आमच्या बेटाला लोक जावा म्हणतात, आणि मी ज्यांच्या वाट्याला आले त्या दोघी नात्यानंही जावाच.

आधी मी फणसाचं झाड होते. मर्तो म्हाताऱ्याच्या दोन मुलांच्या घरांमध्ये, बरोबर बांधावर. थोरला सादिमान, धाकटा पार्मिन. फणस पिकून पडला की तो कुणाच्या अंगणात पडला यावरून भावाभावांत जुंपायची. बायका घरात तोंड दाबून हसायच्या आणि हे दोघे फणसाभोवती मापं घेत उभे. एकदा प्रकरण हातघाईवर आलं. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यानं कुऱ्हाड काढली आणि मला आडवी केली.

"आता सावलीवरून भांडा," तो म्हणाला.

सावलीही गेली होती.

म्हाताऱ्यानं पावसाळाभर ओसरीत बसून वाकसानं मला कोरलं. पिवळा भुसा त्याच्या भुवयांवर बसायचा. काम झाल्यावर त्यानं दोन्ही सुनांना बोलावलं. थोरली सानियेम, धाकटी वागिराह.

"मुलांना जे दिलं ते त्यांनी मधोमध कापून घेतलं," तो म्हणाला. "हे कापलं तर सरपण होईल. म्हणून हे तुम्हा दोघींचं, मिळून."

तसं मग आमचं तिघींचं सुरू झालं.

सानियेम अंगानं भरलेली, जिभेनं त्याहून. वागिराह नदीपलीकडून आलेली, काटकुळी, हसली तरी आवाज न करणारी. उजाडता उजाडता दोघी समोरासमोर उभ्या राहायच्या. एकीचं मुसळ खाली तेव्हा दुसरीचं वर. भात माझ्या पोटात पसरलेलं, तूस उडतंय, आणि सानियेमचं तोंड चालूच.

"अक्का, हळू. राग कुणावर काढतेयस?" वागिराह विचारायची.

"सासऱ्यावर काढता येत नाही. नवरा घरात सापडत नाही. मग उरलं कोण? भातच ना?"

एक गोष्ट सांगते. वागिराहचं पहिलं मूल पोटातच गेलं. सासूला ते कळवायचं नव्हतं, कारण सासूचा स्वभाव म्हणजे आधी विचारणार, ओझं कशाला उचललंस. वागिराह सकाळी माझ्यापाशी आली ती भिंत धरत. सानियेमनं तिला माझ्या काठावर बसवलं आणि दोन्ही हातांत दोन मुसळं घेतली. आलटून पालटून, डावं-उजवं, जणू दोघी कांडताहेत असाच आवाज. आतून सासूला दोन मुसळं ऐकू येत होती. सानियेमच्या तळव्यांना फोड आले, ते फुटले, तरी वागिराहला उभं राहता येईतो ती रोज दोघींचं कांडण एकटी कांडायची. भात पाखडताना वागिराह तिच्या हातांवर फुंकर घालायची. त्या हातांचं रक्त माझ्या लाकडात कुठेतरी मुरलेलं आहे.

त्याच सालच्या सुगीला मर्तो म्हातारा माझ्याशेजारी पानातला भात खायला बसला होता. खाता खाता त्यानं वाटणी सांगितली. टेकाडावरची जमीन आणि मोठं घर सादिमानला, झऱ्याजवळचं भातशेत पार्मिनला. कागद नाही, साक्षीदार बोलावलेले नाहीत. ऐकायला दोन सुना, कोंबड्या आणि मी.

"ऐकलंत ना दोघींनी?" त्यानं विचारलं.

"ऐकलं," सानियेम म्हणाली. "आता भात खा, गार होतोय."

पुढे भाताची गिरणी आली. सकाळी इंजिनाची फटफट सुरू झाली की बायका डोक्यावर पोती घेऊन तिकडे निघायच्या. मला वाईट वाटलं, पण त्यांच्या कमरा सुटल्या तेही मी पाहिलं. कंदुरीच्या किंवा लग्नाच्या भातापुरती मला हाक यायची, मग तीही बंद झाली. मला उचलून शेळ्यांच्या गोठ्यामागे टाकलं. माझ्यात बदकांना कोंडा घालू लागले. पावसाचं पाणी साठायचं, शेवाळ चढायचं, एकदा तर माझ्या कुशीत भूछत्रं उगवली. ती खाण्याजोगी आहेत का हे बघायलासुद्धा कुणी वाकलं नाही.

म्हातारा गेला. सादिमान तापानं गेला. पार्मिन नारळाच्या झाडावर रस काढायला चढला आणि वरून पडला, घरी आला तो चादरीतच. वागिराहची मुलगी तुमिनी परदेशात कुणाच्या घरी स्वयंपाकाला आहे. ईदला फोन येतो. झऱ्याचं शेत वागिराह एकटी करायची. लावणीला सानियेम यायची. दोघींचे केस पांढरे, पाय चिखलात, आणि थोरलीचं तोंड तसंच चालू.

मग सानियेमचा मुलगा गुनार्तो शहरातून परतला. तिथे तो पाहुण्यांना गाडीतून हिंडवायचा. गावात आल्यावर त्यानं समिती काढली आणि सगळ्यांना पटवून दिलं, की बाहेरच्यांना आपला डोंगर, आपला चिखल, आपली चूलसुद्धा बघायची असते. दरीच्या कडेला झोका बांधला. बांबूची बदामाच्या आकाराची मोठी चौकट उभी केली, तिच्यात उभं राहून माणसं फोटो काढतात. ज्या रेड्याला नांगराला जुंपायला कुणी तयार नव्हतं, त्याच्या पाठीवर आता शहरातली पोरं बसू लागली. गोठे हलवताना त्याला मी सापडले.

"आई, हे तर सोनं आहे," तो म्हणाला. "आणि तुम्ही यात बदकं चारताय?"

मला घासलं, वाळवलं, चकचकीत रोगण फासलं. दोन्ही म्हाताऱ्यांना बाटिकचे नवे कपडे, केसांत फुलं. आत भात नाही, नुसतं लाकडावर लाकूड वाजवायचं. पहिल्या दिवशी दोघींना हसू आवरेना.

"आत काही नाहीच, तर कांडायचं काय?" वागिराह म्हणाली.

"वारा कांड. गुनार्तोचे पाहुणे वारा खायलाच आलेत."

खरं सांगते, त्या दिवसांत मी सुखी होते. रिकामी होते, पण दोघी पुन्हा समोर होत्या.

पाहुणे वाढले. मोठ्या गाड्या येऊ लागल्या आणि त्या उभ्या करायला जागा नव्हती. रस्त्याला लागून सपाट जमीन एकच, झऱ्याचं शेत. नेमकी त्याच वेळी गावात सरकारी मोजणी आली. मोजणीवाला तरुण अधिकारी गुनार्तोच्या ओसरीवर बसला, मी दोन हातांवर मांडवात. वागिराह पदरात भाजलेला कसावा, म्हणजे साबुदाण्याचा कंद, घेऊन आली होती, साहेबांसाठी.

"काकू, शेताचा कागद आहे तुझ्याकडे?" गुनार्तोनं विचारलं.

"कागद कसला? तुझ्या आजोबांनी तोंडी दिलं. तेव्हा तेवढं पुरायचं."

"साहेबांना तेवढं पुरत नाही ना. ऐकलंय कुणी?"

वागिराहच्या चेहऱ्यावरची काळजी एकदम उतरली. "ही काय, तुझी आईच बसलीये. विचार तिला."

अधिकारी सानियेमकडे वळला. पोरगा नम्र होता. "आजी, झऱ्याचं शेत तुमच्या सासऱ्यांनी धाकट्या मुलाला दिलं होतं का?"

सानियेमनं खांद्यावरची शाल सारखी केली. मुलाकडे पाहिलं. गुनार्तो मान खाली घालून कॉफी ढवळत होता, साखर केव्हाच विरघळली होती.

"मला नीट आठवत नाही," ती म्हणाली. "कसायला दिलं असेल."

जन्मभर जिचं तोंड मिटलं नाही, तिचं ते सगळ्यांत लहान बोलणं. मी तिथेच होते. मीही ऐकलं होतं ते वाटप, शब्द न् शब्द. पण लाकडाला कोण विचारतो?

वागिराह तिच्याकडे सरकून बसली. मग म्हणाली, "अक्का, परत सांग. मला या कानानं कमी ऐकू येतं."

"कसायला दिलं होतं," सानियेम म्हणाली. या खेपेला 'असेल' नव्हतं.

वागिराहनं कसावा साहेबांपुढे ठेवला आणि उठली. "गरम आहे, खाऊन घ्या," एवढंच म्हणाली.

शेतात भात दुधात आलं होतं. "पीक निघू दे काकू, घाई नाही," असं गुनार्तो चारचौघांत म्हणाला, आणि आठवड्याच्या आत नदीतली खडी घेऊन ट्रक उभा राहिला. वागिराहनं कोवळं, हिरवं भात कापलं आणि शेळ्यांना घातलं. तिथे आता गाड्या लागतात. खडीखालून पाणी वर येतं, पाहुण्यांचे बूट भिजतात. गुनार्तो त्यांना सांगतो, नळ फुटलाय, दुरुस्तीला माणूस बोलावलाय.

त्यानं काकूला वाऱ्यावर सोडलं नाही, हे तोच सगळ्यांना सांगतो. मांडवातलं काम तिला कायमचं दिलं, वर दुपारचं जेवण. मला वाटलं ती येणार नाही. ती आली. केसांत फूल खोचून, वेळेवर.

शेजारीण वेगळी काढून तिला म्हणाली, "कशाला जातेस गं त्यांच्या दारात? तुमिनी पाठवते की तुला."

"मी नाही गेले तर ती सुटली," वागिराह म्हणाली. "तिला रोज माझ्यासमोर उभं राहू दे."

तेव्हापासून दोघी रोज समोरासमोर उभ्या असतात. एकीचं मुसळ खाली, दुसरीचं वर. ताल जराही चुकत नाही, हात अजून सगळं जाणतात. बोलणं मात्र नाही. गुनार्तो ध्वनिक्षेपकावर सांगतो, "या आमच्या दोन जावा. एका उखळात उभा जन्म काढला, कधी एकमेकींना वावगं बोलल्या नाहीत." लोकांना गहिवरून येतं. एका पाहुणीनं तर दोघींचे हात धरून एकमेकींच्या हातात दिले आणि फोटो काढला. फोटोत दोघी हसताहेत. तो आता पाटीशेजारी लावला आहे.

आत भात असलं की घाव भात सोसतं. रिकाम्या पोटावर तो सरळ माझ्या हाडात जातो. वागिराहच्या बाजूनं मला आता लांब चीर गेली आहे. ती जोरात मारते. कुणावर, ते सानियेमला कळतं.

मागच्या सुगीच्या सुमाराला एक दिवस पाहुणे यायच्या आधीच सानियेम मांडवात आली. ओच्यात काहीतरी होतं. वागिराह खांबाला टेकून बसली होती. सानियेमनं ओचा माझ्यात रिकामा केला. भात होतं, सोनेरी, ताज्या वासाचं. किती काळानं माझ्या पोटात दाणा पडला होता.

"चल," सानियेम म्हणाली. "आज खरं कांडू. दोघींच्या जेवणापुरतं."

वागिराहनं वाकून मूठभर भात उचललं, वास घेतला. "कुठल्या शेतातलं?"

"बाजारातलं."

"बाजारातलं," वागिराहनं नुसतं परत म्हटलं.

सानियेम माझ्या काठावर बसली. "माझा मुलगा आहे तो, वागिराह. एकुलता एक. परत शहरात निघून जाईन म्हणाला. तुमिनी तशी म्हणाली असती तर तू काय केलं असतंस?"

वागिराहनं खरोखरच विचार केला. मी तिचा चेहरा पाहत होते.

"कदाचित तेच केलं असतं," ती म्हणाली. "पण मग नंतर भात घेऊन आले नसते."

तिनं सूप घेतलं, माझ्यातलं भात सगळं त्यात काढलं, कोपऱ्यातला दाणासुद्धा बोटानं टिपला, आणि मांडवाबाहेर कोंबड्यांपुढे ओतलं. तेवढ्यात खडीवर गाडीची चाकं वाजली. गुनार्तोनं ध्वनिक्षेपक सुरू केला. दोघींनी फुलं सारखी केली, मुसळं उचलली.

चीर आता तळापर्यंत पोचली आहे. गुनार्तोनं तिच्यात भुसा आणि सरस भरला, रोगणाचा आणखी एक हात दिला. सिमेंटचं उखळ करून घ्यायचं त्याच्या मनात आहे, वर लाकडाचा रंग. ते आलं की माझं काय होईल, मला ठाऊक नाही. चुलीत घातलं तर वाईट वाटणार नाही. निदान कुणाचा तरी भात शिजेल.

तुम्ही कधी इकडे आलात तर या मांडवात, बघा, ऐका. फक्त एवढं करा, टाळ्या वाजवू नका. टाळ्या झाल्या की दोघींना माझ्यावर वाकून नमस्कार करावा लागतो, आणि वाकताना त्यांची पांढरी डोकी एकमेकींच्या अगदी जवळ येतात. तेवढा वेळ दोघीही श्वास धरून ठेवतात.