घणोबा का मेला?

मी एक जुना मोबाइल आहे. जुना म्हणजे किती, तर तुमच्या हातातल्या चकचकीत मोबाइलांनी मला आजोबा म्हणावं इतका. पाठीवर रबराचं कव्हर आहे, त्याचा एक कोपरा कुत्र्यानं चावलाय. चार्जिंगचं तोंड ढिलं झालंय, त्याला रबरबँड लावल्याशिवाय पोटात काही जात नाही. पण मित्रांनो, मला हसू नका. मी जेवढा मार खाल्लाय आणि जेवढा मार पाहिलाय, तेवढा तुमच्या अख्ख्या शाळेनं मिळून खाल्ला नसेल.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथंही मला सुखानं जन्मू दिलं नाही. टिकतो का बघू, म्हणून उंचावरून पाडलं, दाबलं, तापवलं. टिकलो, म्हणून खोक्यात घातलं आणि परभणीच्या एका दुकानात आणून काचेआड बसवलं. तिथून मला ताडकळसच्या भुजंगनं घेतलं आणि माझे खरे हाल सुरू झाले.

भुजंग विहिरी खोदून देतो. त्याची स्वतःची क्रेन आहे, हाताखाली मजूर आहेत. माणूस उंचीनं फार आखूड. मोटारसायकल उभी करायची तर पाय टेकायला त्याला दगड शोधावा लागतो. छाती मात्र अशी रुंद की तयार सदऱ्याचं बटण कधी लागत नाही. विहिरीच्या तळाशी उतरून तो खडकाला कान लावतो, डोळे मिटतो आणि मग सुरुंग कुठं घ्यायचा ते सांगतो. मजुरांना तो आधी वर पाठवतो आणि कान लावताना खाली एकटाच असतो. असं का, ते त्यानं कुणाला सांगितलेलं नाही.

राग तर त्याच्या नाकाच्या शेंड्यावर. त्यातून त्याच्या उंचीचा विषय निघाला की संपलंच. एकदा क्रेन चालवणारा बजरंग चेष्टेनं म्हणाला, "मालक कुठं गेले रं? दिसनात की." मालक त्याच्या मागंच उभे होते. हातात मी होतो, म्हणून भुजंगनं मलाच फेकून मारलं. बजरंगच्या कपाळाला खोक पडली आणि त्याचं रक्त माझ्या कानात गेलं. त्यानंतर कित्येक दिवस माझ्यातून येणारा प्रत्येक माणूस सर्दी झाल्यासारखा बोलायचा.

पुढं भुजंगनं मोठ्या पडद्याचा मोबाइल घेतला आणि मला त्याच्या मुलीकडं, माधवीकडं दिलं. मित्रांनो, मला वाटलं, सुटलो. ती पूर्णेच्या कॉलेजात जाणारी, हळू आवाजात बोलणारी पोरगी. तिनं मला ओल्या फडक्यानं पुसलं, टाचणीनं माझ्या कानातली धूळ काढली. मला कुणी असं जपतं हेच मला ठाऊक नव्हतं.

त्या दिवसांत टीव्हीवर एक परदेशी मालिका मराठी आवाज घालून दाखवत होते. जंगलात राहणारे उंच, गोरे, टोकदार कानांचे एल्फ आणि डोंगराच्या पोटात खाणी खोदणारे दाढीवाले बुटके, यांची ती लढाई. आमच्या गावानं एल्फांना नाव ठेवलं लांबकाने. म्हातारी माणसंसुद्धा दूध काढायचं सोडून बघत बसायची. आणि ऐन लढाईत, लांबकाने खाणीच्या दारापाशी आले असताना, मालिका बंद पडली. अख्ख्या गावाच्या घशात घास अडकला.

तो घास माधवीनं सोडवला. पूर्णेच्या बसमध्ये खिडकीशी बसून तिनं माझ्यावर पुढची गोष्ट लिहायला घेतली आणि गोष्टींच्या एका ॲपवर टाकली. स्वतःचं नाव लपवून 'खडकफोडी' असं टोपणनाव घेतलं. तिचे लांबकाने पुस्तकासारखं बोलायचे. "आम्ही आपणांस शरण येण्याची अखेरची संधी देत आहोत," असं. तिचे बुटके आपल्यासारखे बोलायचे. "संधी घाल चुलीत. ये खाली, गुडघे फोडतो." आणि या बुटक्यांचा म्होरक्या घणोबा. आखूड, रुंद छातीचा, खडकाला कान लावून डोंगराच्या पोटातलं ऐकणारा. वाचणाऱ्यांना तो कुठून आला ते कळणं शक्य नव्हतं. मला कळलं होतं. लहानपणी माधवी विहिरीच्या काठावर पालथी पडून तळाशी वाकलेल्या बापाकडं बघत बसायची. त्या पोरीला बापाइतका थोर माणूस दुसरा दिसत नव्हता.

पण ही गोष्ट भुजंगच्या कानावर गेली तर? आपल्या आखूड बापाला पोरीनं बुटका केला, एवढंच त्याला समजणार. मग तिचं कॉलेज बंद, लिहिणं बंद, आणि माझा चुराडा. ही धाकधूक आम्हा दोघांनाही कायम होती.

आता वाचकांचं ऐका. मला वाटायचं, गोष्ट वाचून माणसं शहाणी होतात. कसलं काय. प्रत्येक भागाखाली नुसती कत्तल. कुणी लिहायचं, 'घणोबाला मारा, कंटाळा आला.' कुणी लिहायचं, 'त्याचं मुंडकं भाल्यावर लावा, तरच पुढं वाचेन.' पुण्याच्या एका बाईंनी लिहिलं, 'कथा चांगली, पण बुटक्यांची भाषा शुद्ध करा.' त्यावर जिंतूरचा एकजण धावून आला, 'आमची भाषा काढू नका बाई, इकडं आलाव तर तंगडं जाग्यावर राहणार न्हाई.' पूर्णेच्या बसस्टँडवर तर दोन पोरं लांबकाने चांगले की बुटके, यावरून भिडली. एकाच्या हातात उसाचं कांडकं होतं, दुसऱ्याच्या भुवईला टाके पडले. माधवी तिथंच उभ्या असलेल्या बसमध्ये बसलेली. तिनं मला ओढणीखाली दडवलं.

गावात तर कहरच झाला. आमच्याकडं पोथी लावतात तेव्हा एकजण ओवी वाचतो आणि दुसरा अर्थ सांगतो. वाचायला योगीराज, आवाजाचा खणखणीत. अर्थ सांगायला दत्तराव, सत्तरी ओलांडलेले, तोंडाचे गोड. त्यांची रीत अशी की कुठलाही अर्थ गावातल्या माणसाचं उदाहरण देऊन सांगायचा. बायनाबाईच्या म्हशीचं नाव घेऊन ते वैराग्य समजावायचे. ज्याचं नाव पोथीत येई तो माणूस आठ दिवस मान ताठ करून हिंडे. योगीराजनं एका बाजाराच्या दिवशी पारावर मोबाइल काढला आणि खडकफोडीची गोष्ट पोथीच्या चालीवर वाचायला सुरुवात केली. दत्तराव सवयीनं शेजारी बसले आणि अर्थ सांगू लागले. लांबकाने म्हणजे काय, हे त्यांना कुठं ठाऊक? पण अडले नाहीत.

माधवी आणि तिची आई कमलबाई बाजाराची पिशवी घेऊन देवळाच्या पायरीवर बसल्या होत्या. मी माधवीच्या मुठीत. योगीराजनं वाचलं, "घणोबानं घण फिरवला, आन् लांबकान्यांची फळी वाळल्या तुऱ्हाट्यासारखी कडाकडा मोडली."

दत्तरावांनी हात वर केला. "थांब. आता बुटका म्हंजे काय, ते समजून घ्या मंडळी. अंगानं आखूड. जसा आपला भुजंग..."

लोक हसले. खो खो हसले. दत्तराव हसू ओसरायची वाट बघत थांबले, कारण त्यांचं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं.

ते पुरं झालंच नाही. बायकोला न्यायला आलेला भुजंग गर्दीच्या मागं उभा होता. तो माणसं तुडवत पुढं आला आणि त्यानं दत्तरावांच्या तोंडावर ठोसा मारला. खडक फोडायची सुतकी धरणारा हात तो. म्हातारा पारावरून मागं कोसळला. भुजंग वर बसला आणि पुन्हा मारलं, तोंडावरच. योगीराज सोडवायला गेला तर त्याच्या पोटात लाथ बसली. चौघा-पाचजणांनी मिळून भुजंगला ओढून काढलं तेव्हा दत्तरावांच्या धोतरावर रक्त होतं आणि पुढचे दात मातीत पडले होते. बायनाबाई ते पदरात वेचत होती. माधवीनं मला इतकं दाबलं की मी बंद पडलो, ते घरी येऊनच चालू झालो.

घरी आल्यावर भुजंग म्हणाला, "ही खडकफोडी कोण हाय ते मला पायजे. तिचं थोबाड न्हाई रंगवलं तर नाव सांगणार न्हाई."

कमलबाई भाकरी थापत होती. तिला सगळं ठाऊक होतं. ती म्हणाली, "अगुदर हात धुवा. म्हाताऱ्याचं रगत हाय त्याला."

दुसऱ्या दिवशी बजरंगनं ॲप उघडून गोष्ट शोधून काढली. भुजंगला अक्षरं लागतात, पण सलग वाचवत नाही. विहिरीवर काम थांबवून त्यानं बजरंगला पहिल्यापासून वाचायला बसवलं. शिवी कुठं आहे ते शोधायचं होतं त्याला. मला हे पुढं कळलं. शिवी सापडेना, तशी तो म्हणायचा, "पुढं वाच." दुपार कलली तरी "पुढं वाच." लांबकान्यांनी घणोबाला घेरलं तेव्हा तो उठून उभा राहिला म्हणे. आणि मग घणोबा एकटा खाणीत उतरून, डोळे मिटून खडकाला कान लावतो, तो भाग आला. भुजंगनं हात वर करून बजरंगला थांबवलं. तो कान लावताना खाली दुसरं कुणी नसतं. वरून बघणारं माणूस एकच होतं.

इकडं माधवी कॉलेजला गेलीच नाही. शेळ्यांच्या गोठ्यात बसून ती माझ्यावर लिहीत होती. इतक्या जोरानं बोटं आपटत होती की माझं अंग ठणकलं. इतके दिवस हजार लोक तिला सांगत होते घणोबाला मार, आणि तिनं कुणाचं ऐकलं नव्हतं. त्या दिवशी तिनं त्याला मारलं. लांबकान्याच्या बाणानं नाही. एक म्हातारा बुटका घणोबाचं कौतुक करायला तोंड उघडतो, घणोबाला ती चेष्टा वाटते, तो घण उचलतो. म्हातारा पडतो. घण तसाच पुढं जाऊन खाणीच्या खांबावर बसतो आणि सगळा डोंगर घणोबाच्या डोक्यावर येतो. त्याची हाडं मोडल्याचा आवाज बाहेर लांबकान्यांनाही ऐकू जातो. एवढं लिहून तिनं ते ॲपवर टाकलं आणि ढसढसा रडली.

मग वाचकांची जी बोंब उठली ती काय सांगू. 'मुंडकं उडवा' म्हणणारेच आता गळा काढू लागले. 'घणोबाला परत आणा, नाहीतर तुझं घर शोधून काढू.' पुण्याच्या बाईंनी लिहिलं, 'लय रडले.' मी थरथरून थरथरून थकलो.

संध्याकाळच्या आत भुजंग घरी आला. सरळ गोठ्यात. त्यानं माधवीच्या हातातून मला हिसकावून घेतलं. ती उठली नाही, पळाली नाही.

"तूच ना?" तो म्हणाला.

"हाव आप्पा. म्याच."

मी डोळे मिटले असते, पण आम्हाला पापण्या नसतात. भुजंगचा श्वास माझ्यावर येत होता. पण त्यानं थोबाड रंगवलं नाही. तो म्हणाला, "बजरंगनं शेवटलं बी वाचलं. घणोबाला कामून मारलं?"

माधवीनं शेळीपुढं पाला सरकवला.

"लय चांगला होता गं तो. परत जित्ता कर त्याला. गोष्टच हाय, तुझ्याच हातात हाय. कर."

माधवीनं मान वर केली. "दत्तरावकाकाचे दात येतेत का परत?"

भुजंगनं हात उचलला. मला वाटलं, पोरीवर पडतो. तो माझ्यावर पडला. गोठ्यातल्या दगडी गव्हाणीवर त्यानं मला असं आपटलं की माझ्या काचेच्या ठिकऱ्या झाल्या. तुकड्यातुकड्यातून मला तो दिसला. शेळ्यांच्या लेंड्यांत बसला होता आणि स्वतःच्या मुठीकडं बघत होता.

मित्रांनो, काच पूर्णेला बदलून मिळाली. भुजंगनंच नेलं मला. दत्तरावांना त्यानं परभणीला नेलं, पाय धरले, कवळी बसवून दिली. म्हातारा माणूस, माफ करून मोकळा झाला. पुन्हा पोथी लागली. योगीराज वाचतो, दत्तराव अर्थ सांगतात. कवळीतून हवा जाते, पण शब्द कळतात.

फक्त ते आता गावातल्या कुणाचं नाव घेत नाहीत. "जसा आपला..." एवढं म्हणतात, थांबतात, आणि पुढच्या ओवीवर जातात. भुजंग दररोज सगळ्यात पुढं बसतो. "जसा आपला" आलं की मान वर करतो. नाव काही येत नाही. लोक उठून जातात, तरी तो बसून राहतो.

म्हणून सांगतो, मित्रांनो. तुमचा मोबाइल जपा, त्याला भिंतीवर आपटू नका, आम्हालाही दुखतं. पण कधी राग अनावर झालाच आणि हात उचललाच गेला, तर आमच्यावर टाका, आम्हाला बाजारात दुसरी काच मिळते. बोलणाऱ्या माणसाच्या तोंडावर टाकू नका. आणि त्याचं वाक्य पुरं होऊ द्या.