आक्काच्या आवाजातलं नाव

दुपारी माझ्या पोरीचं बारसं, आणि सकाळी लॅपटॉप अडून बसलेला. कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आमची भैरवी आक्का एकुलती आत्या, आणि घशाच्या ऑपरेशननंतर तिचा आवाजच गेलेला. टाइप केलेलं वाचून दाखवणारी फोनमधली परकी बाई तिला नको होती. ऑपरेशनआधी तिनं आपली वाक्यं रेकॉर्ड करून ठेवली होती. टाइप केलेलं तिच्या त्या आवाजात बोलणारा प्रोग्राम मला लॅपटॉपवर बसवायचा होता.

शहापुरात पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या चिन्मयीला मी बोलावून घेतलं. आम्ही एकाच ऑफिसात प्रोग्रामिंग करतो.

"लिहिलेला प्रोग्राम मशीनला समजेल असा करून देणारा कंपायलर जुना हाय म्हणं," मी चिडून म्हणालो. "ह्या प्रोग्रामला भाषेतली एक जादा सोय लागती, ती ह्या जुन्या कंपायलरला यायची न्हाय म्हणून प्रोग्राम बसवणारी स्क्रिप्ट पुढंच जाईना. आग लागो तिला."

चिन्मयीनं स्क्रिप्ट उघडून वाचली. "केयूर, हिनं नुसता कंपायलरच्या आवृत्तीचा नंबर बघितलाय रं. सुनेला पुरणपोळी येती का, हे वय विचारून कळतंय व्हय? पोळपाट पुढं ठेवायचा."

तिनं स्क्रिप्टमध्ये नंबराच्या जागी चार ओळींची चाचणी घातली. आम्ही ती चालवली. स्क्रिप्टनं ती जादा सोय वापरणारा इवलासा प्रोग्राम लिहिला, कंपायलरपुढं ठेवला, तो तयार झालेला बघितला आणि लगेच पुसून टाकला. पडद्यावर उत्तर आलं, 'आहे.' असल्या ओळी आयुष्यभर डोळ्यांपुढून सरकल्या, मी कधी ढुंकून बघितलं नव्हतं. नुसता एक प्रश्न विचारायला एक प्रोग्राम जन्मतो आणि जातो. स्क्रिप्ट पुढं सरकली, आणि आक्काचा प्रोग्राम बसला.

दुपारी पाळण्याशी लॅपटॉप ठेवला. आक्कानं टाइप केलं, आणि खोलीत तिचा आवाज आला, "कुर्रर्र, पूर्णिमा."

नाव सांगितलं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे, ही रीत. पण बायका जागच्या जागी उभ्या. आईनं तोंडाला पदर लावलेला. लई दिवसांनी लेकीचा आवाज ऐकला होता तिनं.

आक्कानं पुन्हा टाइप केलं.

"मारा की गं. बघत काय बसलायसा?"

आई पुढं आली, धपाटा घातला, आणि हात तिच्या पाठीवरच राहू दिला.